भीतीच्या तळाशी असलेल्या प्रेमापर्यंत कसे पोहोचावे

भीतीवर उपाय विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे "घाबरू नकोस". सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्याच्या छातीत धडधडते आहे त्याला त्या उत्तराचा काही उपयोग होत नाही, कारण भीती त्याने ठरवून आणलेली नसते आणि म्हणून ठरवून ती जातही नाही. या लेखात मी जी पद्धत मांडणार आहे, तिच्यात भीतीला हाकलण्याचा प्रयत्नच नाही. आपण ज्याला ज्याला घाबरतो त्याच्या तळाशी काहीतरी जपण्याची इच्छा असते, म्हणजेच कोणावर तरी किंवा कशावर तरी असलेले प्रेम असते. त्या प्रेमापर्यंत उतरावे, त्याला ओळखावे आणि भीती सांगेल तसे वागण्याऐवजी ते प्रेम सांगेल तसे वागण्याचा सराव करावा. वाचताना हे सोपे वाटेल, पण ते अंगवळणी पडायला मला काही वर्षे लागली.

माझे वडील गेल्याची बातमी मला रात्री अडीच वाजता फोनवर कळली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे रात्री फोन वाजला की पहिली रिंग संपायच्या आत माझे तळहात ओले होत, घशाला कोरड पडे आणि स्क्रीनवर कोणाचे नाव आहे हे दिसत असूनही वाचता येत नसे. पुढे दिवसा वाजणाऱ्या फोनचेही तेच झाले. मी फोन उपडा ठेवू लागले, मग आवाज बंद करू लागले, मग दुसऱ्या खोलीत ठेवू लागले. ज्यांच्या काळजीपोटी मी घाबरत होते, त्याच माणसांना मी सापडेनाशी झाले होते. ही गोष्ट लक्षात आली त्या दिवसापासून माझी खरी साधना सुरू झाली, असे मी मानते.

आधी शरीर शांत करावे

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या अंगाला बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात आणि त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. धोक्याची चाहूल लागताच आपण विचार करण्याच्या आधीच हा भाग शरीराला सावध करतो, अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात आणि स्नायू ताठतात. हे सगळे सुरू असताना मनाला उपदेश करण्यात अर्थ नसतो, म्हणून प्रेमाची किंवा ईश्वराची गोष्ट काढण्यापूर्वी शरीराशी बोलावे लागते, आणि शरीराशी बोलण्याची सर्वांत जवळची भाषा म्हणजे श्वास.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंदावतात. उच्छ्वास लांबवण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो. पाठ सरळ पण सैल ठेवून बसावे, एक तळहात छातीवर ठेवावा, मनात चार सेकंद मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा सेकंद मोजत तो सोडावा. असे मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. सकाळी ५ मिनिटे आणि रात्री झोपण्यापूर्वी ५ मिनिटे पुरेशी आहेत. मोजण्यामुळेच गुदमरल्यासारखे होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मोजणे सोडून द्यावे आणि श्वास सोडताना घाई करायची नाही एवढेच सांभाळावे. हा अभ्यास भीती नसतानाच करावा. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागेपर्यंत जीव जातो, तसेच आधी कधीच न केलेला श्वास ऐन भीतीत आठवत नाही.

वहीत दोन वाक्ये लिहावीत

शरीर थोडे निवळले की एक वही घ्यावी आणि तिच्यात भीतीचे एक वाक्य लिहावे. "मला भविष्याची भीती वाटते" हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात हात घालायला काहीच नाही. "तसे झाले तर काय होईल?" असे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत खाली उतरावे. जैन परंपरेत भयाचे सात प्रकार मोजले आहेत आणि मरणाचे भय, अकस्मात काही घडण्याचे भय असे त्यांतले काही प्रकार वाचले की आपले भय कोणत्या घरचे आहे ते ओळखायला मदत होते. नाव मिळालेली भीती आकाराने लहान होते, असा माझा अनुभव आहे.

मग त्या वाक्याखाली दुसरे वाक्य लिहावे: या भीतीत मी काय जपू पाहत आहे? नोकरी जाण्याच्या भीतीखाली कोणाला घरच्यांचा आधार होण्याची इच्छा सापडेल, तर कोणाला आपल्या कामावरचे निखळ प्रेम सापडेल, आणि वरचे वाक्य एकच असले तरी या दोघांची पुढची वाट वेगळी असेल. चारचौघांत बोलण्याच्या भीतीखाली बहुधा माणसांनी आपल्याला आपले म्हणावे ही ओढ असते. दुसरे वाक्य लगेच सुचले नाही तर ओळ रिकामी ठेवावी, सुचेल ते लिहून ती उगाच भरू नये.

माझ्या वहीत पहिले वाक्य होते, "रात्री फोन वाजेल आणि कोणीतरी गेलेले असेल." त्याखालची ओळ कित्येक आठवडे कोरी राहिली. एका पहाटे मी तिथे लिहिले, "आदल्या संध्याकाळी बाबांनी फोन केला होता आणि मी कामात होते म्हणून घेतला नाही." हे वाक्य लिहिल्यावर मी बराच वेळ रडले, आणि रडून झाल्यावर मला दिसले की भीतीच्या तळाशी जी गोष्ट होती ती मृत्यू नव्हतीच. माझ्या माणसाने हाक मारली तर मी तिथे असावे, ही ती साधी इच्छा होती. त्या इच्छेला फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे कसे मान्य होणार?

प्रेमामुळेच भीती वाढते, त्याचे काय?

ही शंका रास्त आहे आणि तिला घाईने उत्तर देऊ नये. ज्यांच्यावर प्रेम नाही त्यांच्यासाठी आपण रात्री जागत नाही. मूल झाल्यावर आईला अशा शेकडो गोष्टींची भीती वाटू लागते, ज्यांचा विचार तिने पूर्वी कधी केलेला नसतो. मग प्रेम भीतीवरचा उपाय कसे ठरेल?

प्रेमाला आसक्ती बिलगलेली असते आणि बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. "तू माझ्याजवळून जाऊ नकोस" ही आसक्तीची मागणी असते; "तू जिथे असशील तिथे सुखरूप राहा" ही प्रेमाची इच्छा असते. एकाच मनात या दोन्ही एकाच वेळी असतात आणि आपण माणसे आहोत तोवर असणारच. पतंजलींच्या योगसूत्रांत जगण्याला चिकटून राहण्याच्या वृत्तीला अभिनिवेश म्हटले आहे आणि ती विद्वानांनाही सुटत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. ती आपल्यात सापडली म्हणून स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही. पण दोन्हींतली कोणती आत्ता बोलते आहे हे ओळखता येते, आणि त्यासाठी एक प्रश्न पुरतो: मी आत्ता जे करणार आहे ते त्या व्यक्तीसाठी आहे, की माझी बेचैनी शमावी म्हणून आहे? बाहेर गेलेल्या मुलीला एकदा फोन करून "पोहोचलीस का?" असे विचारणे तिच्यासाठी असते. त्यानंतर दर दहा मिनिटांनी केलेला फोन आपल्या बेचैनीसाठी असतो, आणि दुःखाची गोष्ट अशी की प्रत्येक फोननंतर ती बेचैनी क्षणभर शमून पुन्हा दुप्पट होते.

बृहदारण्यक उपनिषदात एक प्रसंग आहे. आरंभी एकटाच असलेला आत्मा घाबरला, मग त्याने विचार केला की माझ्याखेरीज दुसरे काहीच नसताना मी कोणाला भ्यावे, आणि त्याची भीती गेली. कारण भय दुसऱ्यापासून होते. तत्त्वज्ञानाच्या अंगाने याचे अनेक अर्थ लावता येतील, पण साधकाला त्यातला एक अर्थ रोज वापरता येतो. समोरचा जितका परका, तितके भय अधिक. ज्या प्रेमात समोरच्याचे सुख आणि आपले सुख यांतली भिंत पातळ होते, त्या प्रेमात भयाला उभे राहायला जागा कमी उरते. आसक्ती मात्र ती भिंत जाड करते, कारण तिच्या लेखी समोरचा माणूस म्हणजे आपल्याकडून हिरावली जाऊ शकेल अशी एक वस्तू असते.

यासाठी रात्रीचा एक छोटा अभ्यास सुचवते. अंथरुणावर बसून दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवावेत, ज्याची काळजी लागली आहे त्याचे नाव मनात घ्यावे आणि त्याला आपल्या श्रद्धेप्रमाणे ईश्वराच्या, गुरूंच्या किंवा या जगातल्या चांगुलपणाच्या हाती सोपवावे. सोपवणे म्हणजे काळजी घेणे थांबवणे असा याचा अर्थ लावू नये. दिवसभर जे आपल्या हातात होते ते केलेले असते आणि रात्रीच्या सहा-सात तासांत जे आपल्या हातात नाही, ते मुठीत धरून ठेवण्याचे काम आपण तेवढे खाली ठेवतो. सुरुवातीला बोटे आपोआप मिटतात. ती पुन्हा हळूच उघडावीत.

मैत्रीभावनेचा अभ्यास

बौद्ध परंपरेत मैत्रीभावनेच्या उपदेशामागे एक कथा सांगतात. काही भिक्षू वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी मुक्काम करण्यासाठी, अरण्यात गेले आणि तिथल्या वृक्षदेवतांनी भयंकर आवाज आणि दृश्ये दाखवून त्यांना इतके घाबरवले की ते परत फिरले. बुद्धांनी त्यांना दुसरी सुरक्षित जागा दिली नाही. मैत्रीची भावना शिकवून त्याच अरण्यात पाठवले आणि ज्या देवता घाबरवत होत्या त्याच पुढे त्यांची काळजी घेऊ लागल्या. मला या कथेतली अरण्याची जागा तीच राहिली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

अभ्यास असा करावा. १५ मिनिटे कोणी व्यत्यय आणणार नाही अशा ठिकाणी बसावे आणि सुरुवातीची काही मिनिटे वर सांगितलेला श्वास करावा. मग ज्याच्या आठवणीने चेहऱ्यावर आपोआप हसू येते असे कोणीतरी मनासमोर आणावे. ते लहान मूल असेल, जुना मित्र असेल, एखादे मुके जनावरही असेल. ज्याच्याशी नाते गुंतागुंतीचे आहे अशी व्यक्ती पहिल्या दिवशी घेऊ नये. तिचा संपूर्ण चेहरा दिसला नाही तरी एखादा तपशील पकडावा, जसे की हातांची ठेवण किंवा हाक मारण्याची लकब. आणि मग एकेका उच्छ्वासाबरोबर मनात म्हणावे: तू सुरक्षित अस. तू निरोगी अस. तू निर्भय अस. तुझे मन शांत राहो.

काही दिवसांनी हीच वाक्ये स्वतःला उद्देशून म्हणावीत. अनेकांना इथे अडखळायला होते, स्वतःसाठी "मी निर्भय असो" म्हणताना लाज वाटते किंवा खोटे बोलल्यासारखे वाटते. अशा वेळी आपण जसे सात-आठ वर्षांचे होतो तसे डोळ्यांपुढे आणावे आणि त्या मुलाला किंवा मुलीला ती वाक्ये म्हणावीत. तिथे लाज गळून पडते. त्यानंतर रोज दिसणारी पण नाव माहीत नसलेली एखादी व्यक्ती घ्यावी, आणि बऱ्याच आठवड्यांनंतर, जमले तर, जिची भीती वाटते ती व्यक्ती घ्यावी. ज्याने आपल्यावर गंभीर अत्याचार केला आहे अशा माणसाला या अभ्यासात आणण्याची कोणतीही सक्ती नाही.

कित्येक दिवस काहीच जाणवणार नाही. वाक्ये कोरडी वाटतील, मन दुसरीकडे जाईल. त्याने बिघडत काही नाही, कारण येथे भावना उत्पन्न करण्याचे काम आपल्याकडे नसते, केवळ शुभेच्छेची दिशा धरून ठेवायची असते. डोळे भरून आले तर येऊ द्यावेत.

प्रेमाची साथ भयाला खरोखर उतरवते, याचे एक लहानसे प्रमाण प्रयोगशाळेतही मिळाले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात १६ विवाहित स्त्रियांना विजेचा हलका झटका बसण्याची शक्यता सांगून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले गेले. पतीचा हात हातात असताना मेंदूची धोक्याला मिळणारी प्रतिक्रिया कमी झाली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला, पण तितका नाही, आणि ज्यांचे नाते अधिक जिव्हाळ्याचे होते त्यांना अधिक लाभ झाला. झटक्याची शक्यता तीच होती. म्हणूनच भीतीच्या वेळी जवळच्या माणसाला "जरा माझा हात धरून बस" असे सांगणे हा दुबळेपणा आहे असे मानू नये. साधनेत ते बसते.

नामस्मरण आणि प्रार्थना

आपल्या परंपरेतले एखादे नाम, मंत्र किंवा प्रार्थनेची ओळ निवडावी आणि ती वारंवार बदलू नये. जिने चढताना, भांडी घासताना, रांगेत उभे असताना ती उच्छ्वासाला जोडून मनात म्हणत राहावी, म्हणजे भीतीच्या क्षणी ती शोधावी लागत नाही, आपणहून ओठांवर येते.

प्रार्थनेत "हे संकट टळू दे" असे मागण्यात काही गैर नाही. भेदरलेल्या जिवाने तेवढेही मागू नये असे म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. पण तिथेच थांबू नये. त्यापुढे "टळले नाही तर त्या वेळी माझ्या माणसाजवळ राहण्याचे बळ दे" एवढे एक वाक्य जोडावे. एक धोका मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावा. आज जप चुकला म्हणून काही वाईट घडेल अशी धास्ती वाटू लागली, तर साधनेच्या जागी भीतीच येऊन बसली आहे असे समजावे. एखाद्या दिवशी ठरवून जपाची संख्या अपुरी सोडावी आणि ज्याच्यावर आपण प्रेम करतो तो हिशेब ठेवणारा नाही, हे स्वतःला अनुभवू द्यावे. तसे सोडणे अजिबातच जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे.

भीतीच्या दिशेने पाऊल

आसनावर बसून केलेला अभ्यास पाऊल उचलल्याशिवाय पुरा होत नाही. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती कशी घालवली त्याची नोंद प्रसिद्ध केली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत त्याला त्रास होणार नाही इतक्या लांब ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणायचा, असा तो क्रम होता. शेवटी पीटर त्या सशाशी खेळू लागला. मनाला जे गोड वाटते ते आधी, मग भीतीची वस्तू, आणि मधले अंतर सोसेल इतकेच, असा क्रम आपणही ठेवावा.

मी माझ्या भावाला विश्वासात घेतले. पहिल्या आठवड्यात तो रोज दुपारी चार वाजता फोन करणार हे ठरलेले होते. रिंग वाजली की मी एक लांब उच्छ्वास सोडत असे, मनात "पलीकडच्या माणसाचे भले होवो" म्हणत असे आणि मगच फोन उचलत असे. नंतर तो संध्याकाळी करू लागला, मग वेळ न ठरवता, आणि शेवटी मी स्वतःच त्याला म्हटले की एखाद्या रात्री न सांगता कर. पायरी कोणतीही असो, भीती शिगेला असताना तिथून पळू नये. लाट थोडी ओसरेपर्यंत थांबावे. ऐन वेळी पळालो तर पळालो म्हणून वाचलो, हेच मेंदू शिकतो. थांबणे अशक्य वाटत असेल तर पायरी उंच निवडली गेली आहे, दुसऱ्या दिवशी खालची घ्यावी.

हे कुठे लागू करू नये

घरात मारहाण होत असेल, कोणी धमकावत असेल, तर तिथली भीती खरी आहे आणि तिचे ऐकावे. मारणाऱ्यावर अधिक प्रेम करून ती घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये; तिथून बाहेर पडणे आणि मदत मागणे हेच स्वतःवरचे प्रेम. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर ते भीतीमुळेच आहे असे गृहीत धरण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. कित्येक आठवडे झोप उडाली असेल, काम होईनासे झाले असेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर साधना चालू ठेवूनही तज्ज्ञांची मदत ताबडतोब घ्यावी. मोठा आघात सोसलेल्या काहींना डोळे मिटून दीर्घकाळ बसल्याने जुनी दृश्ये पुन्हा दिसू लागतात. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, दोन-तीन मिनिटांपुरतेच बसावे आणि शक्यतो जाणत्या माणसाच्या सोबतीने.

गेलेली भीती परतते, हेही आधीच माहीत असलेले बरे. पीटरच्या बाबतीतही तसेच झाले होते. न घाबरणाऱ्या मुलांच्या सोबतीने तो आधी बराच सुधारला होता, पण मध्ये तापाने रुग्णालयात राहिला, तिथून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि त्याची सशाची भीती पुन्हा पूर्वीइतकी झाली. खाऊ देत ससा जवळ आणण्याची पद्धत सुरू झाली ती यानंतर. माझी भीती परतली ती आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री. फोन वाजला, तळहात पुन्हा ओले झाले, आणि तो फोन मी घेऊ शकले नाही. सकाळी वही उघडून दोन्ही वाक्ये पुन्हा लिहिली, छातीवर हात ठेवून पाच मिनिटे बसले आणि भावाला निरोप पाठवला की आजपासून दुपारी चार वाजता फोन करत जा.